म्हातारपण हे निदान नव्हे

घरातला कुत्रा दहा-बारा वर्षांचा झाला, की त्याच्या दुखण्याखुपण्याबद्दल दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पाणी जास्त प्यायला लागला, जिना चढताना मध्येच थांबू लागला, ताटलीतले अन्न तसेच ठेवू लागला, तर ‘वय झालं आता त्याचं.’ आणि एखाद्या सकाळी उठताना धडपडून पडला, पुन्हा उभाच राहीना, तर ‘आता काही खरं नाही.’ पहिल्या वाक्यानंतर घरचे निर्धास्त होतात, दुसऱ्यानंतर हवालदिल. दोन्ही वेळी नेमके काय झाले आहे, हे पाहायचे राहून जाते.

वय हा आजार नाही, हे पशुवैद्य वारंवार सांगतात. वयाबरोबर आजारांची शक्यता वाढते, पण प्रत्येक आजाराला स्वतःचे नाव असते, कारण असते आणि बहुतेकदा काही ना काही उपचारही असतो. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. जे दृश्य पाहून आपल्या पोटात गोळा येतो, ते अनेकदा दोन-तीन आठवड्यांत निवळणारे निघते. आणि जे पाहून आपण ‘झोपू दे त्याला जरा’ म्हणतो, त्यात कधी कधी हातात फक्त काही तास असतात. हा फरक ओळखता आला, तर काळजी योग्य ठिकाणी करता येते.

म्हातारा म्हणजे किती वर्षांचा?

‘कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो, पण तो बरोबर नाही. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये लॅब्राडोर कुत्र्यांच्या डीएनएवर वयाबरोबर होणारे रासायनिक बदल माणसांतील तशाच बदलांशी ताडून पाहिले. त्यांच्या सूत्रानुसार एक वर्षाचा लॅब्राडोर माणसाच्या तिशीत असतो, चार वर्षांचा पन्नाशी ओलांडतो आणि सात वर्षांचा बासष्टीत पोहोचतो. पुढे हा वेग मंदावतो. हे सूत्र एकाच जातीवरून काढलेले असल्याने पामेरियनला किंवा आपल्या गावठी कुत्र्याला ते जसेच्या तसे लागू होत नाही. पण एवढे नक्की, की उतारवय आपण समजतो त्यापेक्षा लवकर सुरू होते. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर अशा मोठ्या जातींत सहा-सात वर्षांनंतर आणि लहान चणीच्या कुत्र्यांत नऊ-दहा वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्यावी, असे म्हणतात ते यासाठी.

‘अचानक’ या शब्दाचाही नीट विचार करायला हवा. शरीरातल्या अवयवांकडे गरजेपेक्षा जास्त क्षमता शिल्लक असते. मूत्रपिंडांचे सुमारे तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत रक्तातले क्रिएटिनिन सहसा वाढत नाही. सांधे दुखत असले तरी कुत्रा विव्हळत नाही, तो फक्त सोफ्यावर उडी मारणे बंद करतो. शिल्लक संपते त्या दिवशी आजार दिसतो आणि आपल्याला तो अचानक आल्यासारखा वाटतो. काही आजार मात्र खरोखरच काही मिनिटांत येतात. त्यातला सर्वांत जास्त घाबरवणारा आधी पाहू.

पडला, पण लकवा नव्हे

कुत्रा रात्री नीट जेवून झोपतो. सकाळी उठायला जातो आणि एका बाजूला कोसळतो. मान एकीकडे वाकडी होते. चालायचा प्रयत्न केला, तर त्याच बाजूला गोल गोल फिरतो किंवा भिंतीला टेकतो. उलट्या होतात, लाळ गळते. डोळ्यांत पाहिले, तर बुबुळे घड्याळाच्या लंबकासारखी डावी-उजवीकडे झरझर हलत असतात. घरात एकच निष्कर्ष निघतो: लकवा मारला, मेंदूत रक्तस्राव झाला.

वय झालेल्या कुत्र्यांत या चित्राचे फार मोठे आणि तुलनेने निरुपद्रवी कारण कानात असते. आपल्यासारखेच कुत्र्याच्या दोन्ही आंतरकर्णांत तोल सांभाळणारे अवयव असतात. द्रवाने भरलेल्या बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या डोके कोणत्या दिशेला वळले ते मेंदूला सतत कळवत असतात आणि मेंदू दोन्ही बाजूंचे निरोप जुळवून पाहतो. एका बाजूचा निरोप एकाएकी बंद पडला, की मेंदूला वाटते डोके गरगर फिरते आहे. डोळे त्या न झालेल्या फिरण्याचा पाठलाग करू लागतात. बोट लागल्यासारखी मळमळ सुरू होते. हा बिघाड म्हाताऱ्या कुत्र्यांत अनेकदा कोणतेही कारण न सापडता होतो. पशुवैद्य त्याला ‘ओल्ड डॉग व्हेस्टिब्युलर’ असे सुटसुटीत नावही देतात.

पहिले एक-दोन दिवस सर्वांत वाईट असतात. बहात्तर तासांच्या आसपास सुधारणा दिसू लागते, आठ-दहा दिवसांत कुत्रा बऱ्यापैकी चालू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जण पूर्ववत होतात. एखाद्याची मान कायमची किंचित कलती राहते, पण त्यामुळे त्याचे काही अडत नाही. उपचार म्हणजे मळमळ थांबवणारे औषध, गरज पडली तर सलाइन आणि घरात जपणूक. गुळगुळीत लादीवर रबरी चटई किंवा जुनी सतरंजी अंथरावी. जिना आणि गॅलरी बंद करावी. पाण्याचे भांडे तोंडाजवळ धरावे, शू-शीला नेताना पोटाखालून टॉवेलचा आधार द्यावा. रात्री मंद दिवा चालू ठेवावा, कारण कान साथ देत नसताना डोळेच तोल सांभाळतात.

मात्र हे निदान घरच्यांनी करायचे नाही. असेच चित्र मधल्या किंवा आतल्या कानाच्या जंतुसंसर्गात, थायरॉइड कमी पडल्याने, मेंदूतील गाठीमुळे किंवा खऱ्याखुऱ्या पक्षाघातानेही दिसते. बुबुळे आडवी न हलता वरखाली हलत असतील, कुत्रा गुंगीत असेल, हाक मारल्यावर भान येत नसेल, एका बाजूच्या पायात जोर नसेल किंवा पंजा उलटा पडत असेल, तर बिघाड कानात नसून मेंदूत असण्याची शंका घेतात. डॉक्टर कान तपासतील, रक्ततपासणी सांगतील आणि दोन-चार दिवस वाट पाहू म्हणतील. ही वाट पाहणे हाच उपचाराचा भाग असतो. पहिल्याच दिवशी ‘सोडवा त्याला यातून’ असा निर्णय घेतला, तर महिनाभराने अंगणात फिरू शकला असता असा कुत्रा गमावण्याची शक्यता असते.

झटका, चक्कर आणि घशातली घरघर

पडण्याचे आणखी दोन प्रकार यापासून वेगळे ओळखायला हवेत. झटक्यात, म्हणजे फिटमध्ये, कुत्रा ताठ होतो, पाय पोहल्यासारखे मारतो, तोंडाला फेस येतो, कपड्यांत किंवा अंथरुणात लघवी होते आणि त्या वेळी त्याला कशाचेही भान नसते. नंतर काही वेळ तो गोंधळलेला, आंधळ्यासारखा वागतो. हृदयाच्या आजारात येणारी भोवळ वेगळी. खोकता खोकता किंवा उत्साहाने धावत येताना तो एकदम मऊ पडतो आणि अर्ध्या-एक मिनिटात उठून काहीच न झाल्यासारखा शेपूट हलवतो.

झटका आला, तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात चमचा वा बोट घालू नये. कुत्रा जीभ गिळत नाही, पण आपले बोट मात्र तुटू शकते. आजूबाजूचे सामान दूर करावे, पंखा लावावा आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा एका दिवसात दुसरा आला, तर ती तातडीची वेळ आहे. म्हातारपणी पहिल्यांदाच आलेल्या झटक्यामागे मेंदूतील गाठ, यकृताचा किंवा साखरेचा बिघाड असे कारण असू शकते. त्यामुळे तो थांबला, तरी तपासणी टाळू नये.

वय झालेल्या लॅब्राडोरच्या घरी एप्रिल-मे महिन्यांत आणखी एका गोष्टीकडे लक्ष हवे. भुंकण्याचा आवाज घोगरा होणे, श्वास घेताना घशात घरघर, थोड्या चालण्यानेही धाप, ही स्वरयंत्राचा पडदा नीट न उघडण्याची लक्षणे आहेत. कुत्र्याला घाम फुटून अंग थंड होत नाही. तो धापा टाकूनच उष्णता बाहेर टाकतो. हवेची वाटच अरुंद झाली, तर उन्हाच्या एका फेरीत त्याला उष्माघात होऊ शकतो. अशा कुत्र्याला गळ्यातला पट्टा काढून छातीचा पट्टा लावावा आणि फिरायला पहाटे किंवा रात्री न्यावे.

गाजावाजा न करणारे धोके

आता उलट बाजू. यातले आजार पाहताना फारसे भयंकर दिसत नाहीत, म्हणून उशीर होतो.

पहिला पोटाच्या आतला रक्तस्राव. मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत प्लीहेवर गाठ होते आणि ती आत फुटते. कुत्रा एकदम गळून पडतो, हिरड्या पांढऱ्या दिसतात. पण रक्तस्राव थोडा असला तर तो आपोआप थांबतो, सांडलेले रक्त शरीर पुन्हा शोषून घेते आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा जेवायला मागतो. घरच्यांना वाटते, उन्हाने झाले असेल. ‘संध्याकाळी कोसळला, सकाळी ठणठणीत’ हे वर्णन ऐकले, की अनुभवी डॉक्टर लगेच पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात. यातल्या बऱ्याच गाठी कर्करोगाच्या असतात, पण सगळ्या नसतात. साध्या गाठीचा कुत्रा प्लीहा काढल्यावर पूर्ण बरा होतो.

दुसरा पोटाचा पीळ. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्याचे जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती फिरते. त्याचा रक्तपुरवठा तुटतो. कुत्रा अस्वस्थपणे येरझाऱ्या घालतो, लाळ गाळतो, पोट ढोलासारखे लागते आणि मुख्य खूण म्हणजे तो पुन्हा पुन्हा ओकायला जातो, पण बाहेर काहीच पडत नाही. इथे ओवा-हिंग देत बसण्यात वेळ घालवला, तर जीव जातो. काही तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते.

तिसरा आजार नसबंदी न झालेल्या कुत्रीचा. माजावर येऊन गेल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत गर्भाशयात पू साठतो. ती खूप पाणी पिते, जेवण टाकते, मलूल होते. मागून स्राव दिसला तर निदान सोपे जाते. गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही आणि तो प्रकार जास्त घातक असतो. म्हाताऱ्या कुत्रीने एकाएकी पाणी जास्त प्यायला सुरुवात केली, तर ती शेवटची माजावर कधी आली होती, ही तारीख डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

आपल्या हवामानाचा आजार

महाराष्ट्रात म्हातारा कुत्रा अचानक मलूल झाला, तर आणखी एका शक्यतेला वर जागा द्यावी लागते, ती म्हणजे गोचीड ताप. तपकिरी गोचीड आपल्या उष्ण, दमट हवेत वर्षभर टिकते, भिंतींच्या भेगांत आणि फर्निचरच्या मागे अंडी घालते आणि एकच मादी हजारो अंडी देते. तिच्या चाव्यातून अर्लिकिया नावाचे जिवाणू किंवा बबेसिया नावाचे सूक्ष्म परजीवी कुत्र्याच्या रक्तात शिरतात. व्हिएतनाम युद्धात १९६८ ते १९७० या दोन वर्षांत अमेरिकी सैन्याचे सुमारे १६० कुत्रे अर्लिकियाच्या आजाराने दगावले, तेव्हा जगाचे लक्ष त्याकडे गेले.

या आजाराची एक फसवी सवय आहे. पहिला ताप ओसरल्यावर अर्लिकिया महिनोन्महिने, कधी काही वर्षे शरीरात शांत बसून राहतो. म्हणून ‘सध्या अंगावर एकही गोचीड नाही’ यावरून निश्चिंत होता येत नाही. ताप, भूक मरणे, फिक्या हिरड्या, पोटावरच्या कातडीवर लाल-जांभळे बारीक ठिपके, नाकातून रक्त, गडद रंगाची लघवी यांपैकी काहीही दिसले, तर रक्तातल्या प्लेटलेट्स मोजून गोचीड तापाची चाचणी करावी. अर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे औषध चांगले चालते, पण ते साधारण चार आठवडे द्यावे लागते. कुत्रा तिसऱ्या दिवशी उड्या मारू लागला, तरी मध्येच थांबवायचे नाही. बबेसियाची औषधे वेगळी आहेत, त्यामुळे मागच्या वेळची उरलेली गोळी या वेळी चालेलच असे नाही. ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलेल्या कितीतरी कुत्र्यांत खरा दोष या एका चाव्याचा असतो.

पाणी, श्वास आणि रात्रीच्या येरझाऱ्या

सावकाश वाढून अचानक उघड होणाऱ्या आजारांचा सुगावा घरातच लागू शकतो.

पाण्यापासून सुरुवात करू. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पिणे नेहमीचे नाही. म्हणजे वीस किलोच्या कुत्र्याने रोज दोन लिटरच्या वर पाणी संपवले, तर त्याची किडनी, रक्तातली साखर आणि कुशिंग नावाचा संप्रेरकांचा आजार तपासायला हवा. कुशिंगमध्ये पोट सुटते, केस विरळ होतात आणि भूक वाढते. भूक चांगली म्हणून घरचे उलट खूश असतात. मधुमेह झालेल्या कुत्र्याला बहुधा इन्सुलिनच लागते आणि त्यात मोतीबिंदू इतक्या वेगाने वाढतो, की कुत्रा ‘रातोरात आंधळा झाला’ असे वाटते.

दुसरी गोष्ट श्वासाची. पामेरियन, डॅशहंड अशा लहान कुत्र्यांत म्हातारपणी हृदयाची झडप जाड होऊन गळू लागते. कुत्रा गाढ झोपलेला असताना छातीचे वरखाली होणे तीस सेकंद मोजावे आणि दुप्पट करावे. हा आकडा तीसच्या आत हवा. तो रोज चढत गेला किंवा तीसच्या वर राहू लागला, तर फुप्फुसात पाणी साठत असण्याची शक्यता असते. खोकल्याची वाट पाहू नये. इथे लवकर निदानाचा थेट फायदा दिसला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एपिक’ नावाच्या अभ्यासात झडपेमुळे हृदय मोठे झालेल्या, पण अजून त्रास सुरू न झालेल्या ३६० कुत्र्यांपैकी काहींना पिमोबेंडान हे औषध आधीपासून दिले गेले. त्यांच्यात हृदय निकामी होण्याची वेळ सुमारे १५ महिने पुढे गेली. कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने हा मोठा काळ आहे.

तिसरी खूण रात्रीची. दिवसभर झोपून रात्री दोन वाजता घरभर फिरणे, दाराच्या चुकीच्या बाजूला जाऊन उभे राहणे, कोपऱ्यात अडकणे, आयुष्यभर बाहेर जाणाऱ्याने घरात लघवी करणे. ही माणसातल्या स्मृतिभ्रंशाशी साम्य असलेल्या आजाराची लक्षणे असू शकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अभ्यासकांनी २००१ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत याचे किमान एक लक्षण दिसले. पण त्याआधी दुखणे, लघवीचा जंतुसंसर्ग, अधू झालेली नजर ही कारणे तपासून बाजूला ठेवावी लागतात. सांधे दुखत असल्याने झोप न लागणारा कुत्राही रात्रभर फिरतोच. त्याला वेदनाशामक दिल्यावर घरातल्या सगळ्यांनाच झोप लागते.

दवाखान्यात जाण्याआधीची दहा मिनिटे

कुत्रा आजारी दिसला, की पहिला उपयोगी माणूस मोबाइल हातात घेतलेला असतो. घरी दिसलेले लक्षण दवाखान्यात पोहोचेपर्यंत अनेकदा नाहीसे होते. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ डॉक्टरांना दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. डोळे, चाल आणि श्वास या तीन गोष्टी त्यात याव्यात.

मग हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबल्यावर पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते. पांढरी, निळसर किंवा विटकरी लाल हिरडी दिसली, तर थांबू नये. काहींच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात, तिथे खालच्या पापणीचा आतला भाग पाहावा. अंगाला हात लावून ताप ठरवू नये. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे त्याचे अंग एरवीही गरमच लागते.

घरातल्या औषधांच्या डब्याला हात लावू नये, हे सर्वांत महत्त्वाचे. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉलची मात्रा चुकली, तर यकृत आणि रक्तपेशींना इजा होते. गिधाडांच्या मृत्यूंमुळे २००६ मध्ये ज्याच्या जनावरांसाठीच्या वापरावर भारतात बंदी आली, ते डायक्लोफिनॅक माणसांसाठी आजही सहज मिळते आणि कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडांनाही ते घातक ठरते. कुत्र्यांसाठी वेगळी, सुरक्षित वेदनाशामके आहेत, ती वजन पाहून डॉक्टरांनीच द्यायची असतात. पडलेल्या किंवा अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी किंवा दूधही ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

तिसऱ्या मजल्यावरून तीस किलोचा कुत्रा खाली न्यायचा, तर जाड चादरीची झोळी करून चौघांनी चार टोके धरावीत. दुखत असताना सर्वांत प्रेमळ कुत्राही चावतो, म्हणून आपला चेहरा त्याच्या तोंडाजवळ नेऊ नये. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, याची चौकशी तो निरोगी असतानाच करून नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवावा. मोठ्या तपासण्यांसाठी मुंबईत परळला १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, महालक्ष्मीला २०२४ मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

खर्चाचा विषय काढायला अनेकांना संकोच वाटतो, पण डॉक्टरांशी तो मोकळेपणाने बोलावा. ‘या तपासणीच्या निकालाने आपला पुढचा निर्णय बदलणार आहे का?’ हा प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. उत्तर ‘नाही’ असेल, तर ते पैसे वेदनाशामक, चांगले अन्न आणि पुन्हा भेटीसाठी राखून ठेवता येतात.

किती ताणायचे?

नाव कळूनही काही आजार बरे होत नाहीत. पसरलेला कर्करोग, शेवटच्या टप्प्यातली किडनी, न थांबणारी धाप. अशा वेळी घरात वाद होतात. कुणी म्हणते, शेवटपर्यंत करू. कुणाला त्याचे हाल बघवत नाहीत. अमेरिकी पशुवैद्य अॅलिस व्हिलालोबोस यांनी अशा घरांसाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. वेदना आणि श्वास, भूक, शरीरातले पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि ‘वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का’ या सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल, तर उपचार चालू ठेवणे योग्य मानले जाते. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यावेत आणि मग ते समोरासमोर ठेवावेत. पलंगाच्या कोपऱ्यावरच्या कॅलेंडरवर रोज चांगल्या दिवसाला बरोबरची खूण आणि वाईट दिवसाला फुली केली, तरी महिन्याभरात चित्र स्पष्ट होते.

दयामरणाचा निर्णय झालाच, तर त्यात काय होते हे माहीत असलेले बरे. बहुधा आधी गुंगीचे इंजेक्शन देतात, मग शिरेतून भुलीच्या औषधाची मोठी मात्रा. कुत्रा झोपतो आणि काही मिनिटांत हृदय थांबते. जवळच्या माणसाचा हात अंगावर असेल, तर तो शांत राहतो. हा निर्णय घेणाऱ्याला नंतर अपराधी वाटते, न घेणाऱ्यालाही वाटते. बारा वर्षे दारात वाट पाहणारा जीव गेल्यावर ‘कुत्राच तर होता’ असे कुणी म्हटले, तर त्याच्याशी वाद घालण्याची गरज नाही.

पण बहुतेक घरे या वळणापासून अजून दूर असतात आणि त्यांच्या हातात बरेच काही असते. अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावून आयुष्यभर केलेल्या एका अभ्यासात, जोडीदारापेक्षा एक चतुर्थांश कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे निघाले आणि जास्त खाणाऱ्यांचे ११.२. सांधेदुखीही सडसडीत कुत्र्यांना उशिरा झाली. हे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. यासाठी महागडे औषध लागत नाही, जेवताना टेबलाखाली जाणारी पोळी आणि चहाबरोबरचे बिस्कीट थांबवावे लागते. कुत्र्याच्या फासळ्या हाताला सहज लागायला हव्यात, डोळ्यांना ठळक दिसायला नकोत.

दर महिन्याच्या एक तारखेला पाच आकडे एका वहीत लिहावेत: वजन, दिवसभरात प्यायलेले पाणी, झोपेतला श्वास, जेवण किती वेळात संपवले आणि नेहमीची फेरी किती मिनिटांत पूर्ण झाली. शेजारी हिरड्यांचा रंग आणि अंगावर नवी गाठ लागली का, एवढे नोंदवावे. सहा महिन्यांनी ही वही डॉक्टरांसमोर ठेवली, की ‘थोडा थकलाय हल्ली’ या मोघम तक्रारीऐवजी त्यांच्या हातात पुरावा असतो.